रिसर्च अँड प्रोफेशनल रायटिंग: सेमिस्टर संपल्यावरचा अनुभव, आणि त्या १० टक्क्यांबद्दल जरा सविस्तर

इंजिनिअरिंगच्या या विषयाचा आराखडा बहुतेकांना माहीत आहे. दोन क्रेडिट, लेखी पेपर नाही, सगळे मार्क टर्म वर्कचे, आणि शेवटी मिनी प्रोजेक्टचा रिपोर्ट व त्यातूनच काढलेला आयईईई (विद्युत-इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय संस्था) फॉरमॅटमधला पेपर. म्हणून सिलॅबस पुन्हा लिहीत नाही. लिहायला बसण्याचं कारण सबमिशनच्या आठवड्यातलं आहे. सिव्हिलच्या एका ग्रुपचा रिपोर्ट ३४% सिमिलॅरिटी (इतर मजकुराशी किती भाग जुळतो, याचं सॉफ्टवेअरने काढलेलं प्रमाण) दाखवून परत आला आणि तो १०% च्या मर्यादेखाली आणायला मुलांनी झेरॉक्सच्या दुकानात पानामागे पैसे मोजले. त्यातला एक रुपयाही जायला नको होता, कारण रिपोर्ट चोरलेला नव्हता.

ती ३४% आली कुठून? सॉफ्टवेअरने रंगवलेली पानं उघडून पाहिली तर सर्वात मोठा हिस्सा संदर्भसूचीचा. त्याखालोखाल सर्टिफिकेट, डिक्लरेशन आणि अनुक्रमणिका. ही पानं कॉलेजच्याच नमुन्यातली, म्हणजे दरवर्षी प्रत्येक रिपोर्टमध्ये शब्दशः तीच. मग आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातून घेतलेला तक्ता. उरलेल्यात १५० मिमीचे काँक्रीटचे घन, २८ दिवस क्युरिंग (ओलं ठेवणं) आणि आयएस ५१६ या मानकाप्रमाणे चाचणी अशी वाक्यं. ती काँक्रीटवर काम करणाऱ्या कुणाच्याही रिपोर्टमध्ये जवळजवळ याच शब्दांत येणार. खरोखर आक्षेप घ्यावा असा भाग लिटरेचर रिव्ह्यूमधले (आधीच्या संशोधनाच्या आढाव्यातले) दोन परिच्छेद, एवढाच.

ज्याच्या नावाने हा १०% चा धाक घातला जातो, ते यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) वाङ्मयचौर्यावरचं २०१८ चं नियमन स्वतः वाचा. १०% पर्यंत दंड नाही. १० ते ४०% असेल तर सुधारून परत द्यायचं, मुदत जास्तीत जास्त सहा महिने. ४० ते ६०% ला सुधारित प्रत द्यायला एक वर्ष बंदी, ६०% च्या वर नोंदणी रद्द. पण त्याच नियमनात मोजणीतून काय वगळायचं तेही लिहिलंय: श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, सर्वसामान्य संज्ञा, प्रमाणित चिन्हं आणि समीकरणं. सामान्य ज्ञानाचे किंवा योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही धरायचे नाहीत. हे न वगळता निघालेला आकडा नियमातल्या १०% शी ताडून पाहणंच चूक आहे. आमच्याकडे लॅबमध्ये सॉफ्टवेअर मूळ सेटिंगवर चालायचं आणि पहिल्या पानावरचा आकडा थेट रजिस्टरात जायचा. सबंध सेमिस्टरभर माझी मुख्य तक्रार हीच राहिली.

आता करायचं काय, ते क्रमाने. फाईल चढवण्याआधी सर्टिफिकेट ते अनुक्रमणिका ही पानं वेगळ्या पीडीएफमध्ये काढा आणि फक्त प्रकरणं तपासायला द्या. संदर्भसूचीचं शीर्षक स्वतंत्र ओळीवर, नुसतं ‘रेफरन्सेस’ असं ठेवा. ‘प्रकरण ७: वापरलेले ग्रंथ व शोधनिबंध’ असं काही लिहिलं की सॉफ्टवेअरला सूची कुठे सुरू झाली ते कळत नाही आणि वगळण्याचं बटण दाबूनही ती मोजली जाते. सरांना किंवा मॅडमना तीन गोष्टी करायला सांगा: संदर्भसूची वगळा, अवतरणं वगळा, छोटे जुळणारे तुकडे १४ शब्दांपर्यंत वगळा. चौथी गोष्ट सर्वात महत्त्वाची. कच्चा मसुदा तपासताना तो सॉफ्टवेअरच्या संग्रहात साठवू देऊ नका. तो एकदा साठला की पक्का रिपोर्ट तुमच्याच मसुद्याशी जुळतो आणि आकडा ९०% च्या वर जातो. आमच्या बॅचमध्ये हे एकाहून अधिक ग्रुपचं झालं, आणि तो मसुदा संग्रहातून काढून घेण्यात सबमिशनची तारीख गेली.

हे सगळं करून झाल्यावर उरलेला प्रत्येक रंगीत तुकडा उघडून पाहायचा. एका स्रोताशी सलग सात-आठ ओळी जुळत असतील तर तो परिच्छेद तुमचा नाही. मूळ पेपर बंद करा, त्यातून तुम्हाला नेमकं काय हवं होतं ते दोन वाक्यांत लिहा आणि संदर्भ क्रमांक द्या. छोटे तुकडे वगळून मिळाले नाहीत आणि वीस स्रोतांशी पाच-पाच शब्द जुळत असतील तर ती विषयाची परिभाषा आहे. तिला हात लावू नका.

दुकानात नेमका तिलाच हात लावला जातो. तिथलं सॉफ्टवेअर शब्दाला प्रतिशब्द टाकत जातं. ‘कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंथ’चं (दाब सहन करण्याच्या ताकदीचं) ‘स्क्वीझिंग पॉवर’ झालं की आकडा खाली येतो आणि रिपोर्ट वाचण्यालायक राहत नाही. हा प्रकार छापील संशोधनातही पोचलाय. संगणकशास्त्रज्ञ गिओम कबानाक आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशा वाक्प्रयोगांचा माग काढला. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, ‘डीप न्यूरल नेटवर्क’च्या जागी ‘प्रोफाउंड न्यूरल ऑर्गनायझेशन’. असे पेपर हुडकणारी यंत्रणा आता चालू आहे. पैसे देऊन आज जो आकडा घटवला जातो, तो उद्या तुमच्या नावावर कायमचा शेरा होऊ शकतो.

इथवर वाचून विषय टाकाऊ वाटेल. पहिले दोन महिने माझंही मत तसंच होतं. ते बदललं लॅबमधल्या दोन गोष्टींमुळे.

पहिली, आकृत्या. आयईईईच्या दोन स्तंभांच्या पानात एका स्तंभाची रुंदी साडेतीन इंच, म्हणजे ८९ मिमी. ग्राफ सात इंचाचा काढून त्यात १० पॉइंटची अक्षरं ठेवली की स्तंभात बसवताना ती ५ पॉइंटची होतात आणि छापल्यावर अक्षावरचं एकक वाचता येत नाही. म्हणून ग्राफ काढतानाच रुंदी साडेतीन इंच द्यायची, अक्षरं ८ पॉइंट ठेवायची आणि फाईल व्हेक्टर (मोठी केली तरी धूसर न होणारी) पीडीएफ म्हणून काढायची. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये २०२०ए आवृत्तीपासून अशी फाईल काढणारी ‘एक्स्पोर्टग्राफिक्स’ कमांड आहे, स्क्रीनशॉटची गरजच नाही. फोटोला ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके) लागतो, म्हणजे स्तंभाच्या रुंदीला १०५० पिक्सेल. लॅबमधले फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवले की दाबले जातात आणि बारीक भेगा पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तक्त्याचं शीर्षक तक्त्याच्या वर, आकृतीचं खाली, आणि आकडा व एकक यांच्यात एक जागा.

दुसरी, एकमेकांचे मसुदे तपासणं. वेळकाढू वाटणारा हा तास सर्वात कामाचा निघाला. समजा फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) घातलेल्या काँक्रीट मिक्सची २८ दिवसांची सरासरी ताकद ३१.२ मेगापास्कल आली आणि साध्या मिक्सची २९.८. रिपोर्टमध्ये हमखास लिहिलं जातं की ताकद लक्षणीय वाढली. तपासणाऱ्याने विचारायचं: घन किती? प्रत्येकाचा आकडा काय? आयएस ४५६ प्रमाणे तीन घनांच्या नमुन्यात एकेका घनाचा आकडा सरासरीपासून १५% पर्यंत वर-खाली असलेला चालतो, म्हणजे इथे साडेचार मेगापास्कल. फरक आहे १.४ चा. मग ‘लक्षणीय’ कशाच्या जोरावर? सुटे आकडे तक्त्यात द्या आणि वाक्य बदला. असं लिहिलेलं प्रकरण कुठल्याही तपासणीत जुळत नाही, कारण ते आकडे दुसऱ्या कुणाकडे नसतात.

लाटेकबद्दल (पेपर मांडायचं सॉफ्टवेअर) थोडक्यात. मजकुरात संदर्भाच्या जागी प्रश्नचिन्ह दिसलं तर एकदा लाटेक, मग बिबटेक (संदर्भसूची तयार करणारं), मग पुन्हा दोनदा लाटेक चालवा. ओव्हरलीफ ही ऑनलाइन लाटेक सेवा हे आपोआप करते, लॅबच्या संगणकावर हाताने करावं लागतं. शीर्षकातल्या ‘आयओटी’ची अक्षरं लहान लिपीत आली तर बिब फाईलमध्ये (संदर्भांच्या फाईलमध्ये) तो शब्द महिरपी कंसात टाका. मॅन्युअलमध्ये अजून मेंडेले डेस्कटॉप हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर आहे, त्याचं नवं डाउनलोड सप्टेंबर २०२२ पासून बंद आहे. त्याऐवजी झोटेरो घ्या. फुकटात ३०० एमबी ऑनलाइन जागा मिळते आणि पीडीएफनी ती लवकर भरते. फाईल सिंक बंद करून फक्त नोंदी सिंक केल्या तर पैसे भरावे लागत नाहीत.

ईमेल, रेझ्युमे, मिनिट्स ऑफ मीटिंग हा भाग ठीक. त्यासाठी हा विषय घेऊ नका.

पेपर छापण्याबाबत मात्र सावध राहा. आठवड्यात छापून देतो म्हणणाऱ्या, पैसे घेणाऱ्या जर्नलची नावं सबमिशनच्या सुमारास ग्रुपवर फिरतात. बरीच अजून ‘यूजीसी केअर’चा (यूजीसीच्या मान्य जर्नलांच्या यादीचा) शिक्का मिरवतात. यूजीसीने ती यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे नवा पेपर घेताना त्या शिक्क्याच्या भरवशावर फी भरू नका. टर्म वर्कच्या मार्कांना छापील पेपर लागतो का, ते आधी गाईडना लेखी विचारा. आमच्याकडे लागत नव्हता, तरी कित्येकांनी पैसे भरले.

पुढच्या बॅचला एकच सांगणं: पहिल्याच लॅबला विचारा की सिमिलॅरिटी कोणत्या सेटिंगवर मोजणार आणि मसुदा साठवला जाणार का. उत्तर ईमेलवर घ्या. सबमिशनच्या आठवड्यात सेटिंग बदलून द्यायला कुणाकडेच वेळ नसतो.