थकव्याच्या मापाने पाहिलेले एक डे-केअर केंद्र

रक्त चढवण्याच्या केंद्राबद्दल सांगताना लोक सहसा स्वच्छता, खर्च आणि डॉक्टरांचा स्वभाव यांवर बोलतात. मी मात्र निराळे माप लावते: तिथे जाऊन आल्यावर माझा थकवा किती गेला, आणि जाण्यायेण्यात, रांगेत व वाट पाहण्यात नवा किती पदरी पडला. मला थॅलेसेमिया मेजर आहे, वय 36 आहे, आणि साधारण दर तीन आठवड्यांनी मला रक्ताच्या दोन पिशव्या लागतात. गेली चार वर्षे मी मध्य रेल्वेवरच्या एका उपनगरात एका धर्मादाय संस्थेने चालवलेल्या डे-केअर केंद्रात जाते. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि पुढच्या खेपेलाही मला तिथल्याच सिस्टरांकडून सुई टोचून घ्यायची आहे.

आमच्या आजारात शरीर हिमोग्लोबिन नीट बनवू शकत नाही, त्यामुळे दुसऱ्यांच्या रक्तावर भागवावे लागते, आणि ते रक्त जसजसे जुने होते तसतसा अंगातला जोर ओसरतो. पहिल्या दोन आठवड्यांत मी चारचौघींसारखी असते. तिसऱ्या आठवड्यात मात्र केस धुवायला न्हाणीघरात स्टूल लागते, आणि स्टेशनच्या पुलावर निम्म्या पायऱ्या चढून झाल्या की मी कठड्याला टेकून मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचे आल्याचा आव आणते. हा थकवा झोप काढून जाणारा नसतो. दहा तास झोपून उठल्यावरही दात घासताना हात जड वाटतो, आणि दिसायला मी धडधाकट असल्यामुळे गाडीत उठून जागा देण्याचे कोणाला सुचत नाही, त्यात त्यांचाही दोष नाही.

आता केंद्राकडे वळते. इथली सर्वांत मोठी सोय यंत्रात किंवा इमारतीत नाही, वेळापत्रकात आहे. रक्त चढवण्याआधी रुग्णाच्या रक्ताचा नमुना आणि पिशवीतले रक्त जुळते की नाही हे रक्तपेढीत तपासावे लागते. मी पूर्वी ज्या मोठ्या रुग्णालयात जात असे तिथे हा नमुना त्याच दिवशी सकाळी घेत. साडेसातला पोहोचायचे, नमुना द्यायचा, आईने चिठ्ठी घेऊन रक्तपेढीच्या खिडकीशी उभे राहायचे, दुपारी कधीतरी पहिली पिशवी लागायची आणि दुसरी संपेपर्यंत रात्रीचे आठ वाजायचे. अंगात रक्त कमी असलेल्या दिवशीच बारा तास बाकावर काढायला लावणारी ती व्यवस्था कोणी मुद्दाम आखली असेल असे मला वाटत नाही. ती कोणी आखलेलीच नव्हती, हीच तिची खरी अडचण होती. इथे नमुना शुक्रवारी संध्याकाळी कामावरून येता येता देता येतो, रात्रीतून जुळणी होते, आणि शनिवारी साडेआठला मी खाटेवर पडते तेव्हा माझ्या नावाची पिशवी आलेली असते. अडीचच्या सुमारास दुसरी पिशवी संपते आणि चारला मी घरी असते. पिशव्या तेवढ्याच असतात आणि रक्तही त्याच प्रकारचे असते, पण पूर्वी माझा शीण उतरायला रविवार आणि अर्धा सोमवार लागे, आता रविवारी सकाळी मी स्वतः भाजी आणायला जाते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो घरच्यांचाही असतो. रक्त चढले म्हणजे मोबाइल चार्ज झाल्यासारखा माणूस लगेच टवटवीत होतो, असे नसते. त्या संध्याकाळी उलट अंग जड असते, सुईचा हात दुखतो, कधी डोके धरते, आणि खरा फरक दुसऱ्या दिवशी कळतो. म्हणूनच केंद्रातून किती वाजता सुटका होते हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारते. एक पिशवी चढायला दोन-तीन तास लागतातच आणि ती चार तासांच्या आत संपवावी लागते. ते घाईने करायचे काम नाही आणि इथे कोणी घाई करतही नाही. वेळ वाचतो तो त्याच्या आधीचा.

सिस्टरांबद्दल चांगलेच लिहिले पाहिजे. लहानपणापासून टोचून टोचून माझ्या दोन्ही हातांच्या शिरा दडी मारून बसल्या आहेत. इथल्या वडीलधाऱ्या सिस्टर आधी कोमट पाण्याची पिशवी मनगटावर ठेवतात, पाच मिनिटे दुसरे काम करून येतात, मग बोटाने चाचपडत म्हणतात, "आज ही रुसलीय, हिला राहू दे." दोन वेळा शीर सापडली नाही तर तिसरा प्रयत्न त्या दुसऱ्या सिस्टरांना करायला सांगतात, स्वतः हट्टाने करत नाहीत. पिशवी लावल्यावर पहिली पंधरा मिनिटे त्या खाटेजवळून हलत नाहीत, कारण थंडी वाजणे, पुरळ किंवा ताप असे काही व्हायचे असेल तर बरेचदा त्याच वेळात कळते. पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर इथे सक्तीचा आहे, तो रुग्णाने आणायचा असतो आणि त्याचा खर्च खिशाला जाणवतो. पण पूर्वी फिल्टरशिवाय रक्त चढल्यावर दर दोन-तीन खेपांनी हुडहुडी भरून येत असे आणि तो ताप पुढचे दोन दिवस खात असे, हे आठवले की तक्रार करवत नाही. खाटेचे भाडे घेत नाहीत. जेवणाचे म्हणाल तर उपमा बरा असतो, खिचडी घरून न्यावी.

ज्या एका गोष्टीसाठी मी हे सगळे लिहायला घेतले ती मात्र एक साधी दोनशे पानी वही आहे. प्रत्येक रुग्णाच्या नावाची अशी वही केंद्रात असते आणि दर खेपेला त्यात हिमोग्लोबिनच्या शेजारी थकव्याचा आकडा लिहितात, शून्य ते दहा. आकडा रुग्णाने सांगायचा. त्यापुढे सिस्टर एक प्रश्न विचारून उत्तर टिपतात, आणि तो प्रश्न "कसं वाटतंय?" असा नसतो, कारण त्याचे उत्तर आपण सगळे "बरंय" असेच देतो. त्या विचारतात, "या आठवड्यात घरातलं कुठलं काम टाकलंत?" माझ्या वहीत इस्त्री, पोळ्या, आत्याकडचे जेवण आणि दोनदा नुसते 'बोलणे' असे लिहिलेले आहे.

या वहीचे मोल मला तिसऱ्या वर्षी कळले. माझे हिमोग्लोबिन रक्त चढवण्याच्या आधी साडेनऊच्या खाली जाऊ द्यायचे नाही असा इथला दंडक आहे आणि ते तसे राहतही होते, पण थकव्याचा आकडा सहा-सातवरून हलेना, पहिल्या आठवड्यातही हलेना. पूर्वीच्या ठिकाणी अशाच तक्रारीवर दोन वर्षे मला एकच उत्तर मिळाले होते: "रक्त चढलं की बरं वाटेल." इथल्या डॉक्टरांनी वहीची मागची आठ पाने उलटून पाहिली, दोन रकाने शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "रक्त आपलं काम करतंय, म्हणजे चोर दुसरीकडे आहे." थायरॉइडची तपासणी झाली आणि ग्रंथी मंदावलेली निघाली. आमच्या आजारात हे नवलाचे नाही. प्रत्येक पिशवीबरोबर शरीरात 200 ते 250 मिलिग्रॅम लोह येते, ते बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने माणसाला दिलेली नाही, आणि लोह काढणाऱ्या गोळ्यांनी जे निघत नाही ते यकृतात, हृदयात आणि थायरॉइडसारख्या ग्रंथींत साठत जाते. थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर तीन महिन्यांत आकडा चारवर आला. तेव्हापासून मी थकव्याला एकच नाव द्यायचे सोडून दिले आहे. रक्त उतरल्याचा थकवा पायात येतो आणि धाप लावतो. थायरॉइडचा सकाळी अंथरुणात धरून ठेवतो. लोह काढणाऱ्या गोळीने पोट बिघडले की त्याचा वेगळाच असतो. मनाचाही असतो, आणि वहीतल्या 'बोलणे' या नोंदीचे दोन्ही आठवडे त्याचे होते, हे कबूल करते.

वर्षातून एकदा थायरॉइड, साखर, 'ड' जीवनसत्त्व, हाडांची घनता आणि हृदयातले लोह पाहण्यासाठीचा टी-टू-स्टार एमआरआय यांची आठवण केंद्र स्वतःहून करून देते. एमआरआय बाहेर करावा लागतो. आहाराचे पत्रक मराठीत आहे आणि ते शहाणपणाने लिहिलेले आहे: लोहाचे टॉनिक डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नये, हे त्यात पहिल्याच ओळीत ठळक छापले आहे. अशक्तपणा म्हटला की बीट, खजूर, गूळ आणि लोखंडी कढई सुचवणारे नातेवाईक ज्यांना आहेत, म्हणजे सर्वांनाच, त्यांनी ते पत्रक फ्रिजवर लावावे. जेवणाबरोबरचा चहा अन्नातले लोह शोषू देत नाही म्हणून इतरांना तो नको म्हणतात. त्याच कारणाने आम्हाला तो चालतो, आणि आयुष्यात मिळालेल्या मोजक्या सवलतींपैकी ही एक मी पुरेपूर उपभोगते.

तारीख पुढे-मागे करण्याची सोय हीसुद्धा थकव्यावरची उपाययोजनाच आहे, हे इथे कळते. मी सहकारी बँकेत कामाला आहे. 31 मार्चच्या आधीचा आठवडा तिसऱ्या आठवड्याच्या अंगाने काढणे अशक्य असते, म्हणून जानेवारीतच मी केंद्राला तशी तारीख मागते आणि ते हिमोग्लोबिन पाहून वेळापत्रक चार-पाच दिवस सरकवून देतात. अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढायलाही इथल्या समाजसेविकेने मदत केली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल या तिन्ही रक्तविकारांचा समावेश आहे, हे माझ्या कार्यालयाला त्यांच्या पत्रामुळेच कळले.

आता तक्रारी. मोठ्या रुग्णांसाठी फक्त शनिवार आहे, तोही महिन्यातून तीनदा, आणि खोली मुळात मुलांची असल्यामुळे खाटा आखूड आहेत. पाच फूट तीन इंच उंचीच्या मला पाय दुमडावे लागतात, उंच पुरुषांचे काय होत असेल ते त्यांनाच ठाऊक. दिवसभर कार्टून चालू असते. शेजारच्या खाटेवरचा नऊ वर्षांचा मुलगा मला दर वेळी विचारतो, "ताई, तुमची आधी संपणार की माझी?" आणि माझी आधी संपली तर रुसतो, म्हणून मी सिस्टरांना माझे थेंब जरा हळू करायला सांगते, एवढा अपवाद वगळता मोठ्यांची खोली वेगळी असायला हवी. वातानुकूलन इतके थंड असते की सुईचा हात गारठतो, शाल न्यावीच. एप्रिल-मे महिन्यांत महाविद्यालये बंद असतात, लोक गावी जातात, रक्तदान शिबिरे घटतात आणि दोनऐवजी एकच पिशवी मिळते. त्याला केंद्र जबाबदार नाही, पण रुग्णाला ते आदल्या दिवशी फोन करून सांगता येईल. मला ते दोनदा खाटेवर पडल्यावर कळले.

आणि जिना. ज्यांच्या अंगात रक्त कमी आहे त्यांचे केंद्र पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट सकाळी चालते आणि संध्याकाळी सहानंतर बंद करतात, म्हणजे नेमक्या त्या शुक्रवारी, जेव्हा नमुना द्यायला तिसऱ्या आठवड्याच्या पायांनी 22 पायऱ्या चढायच्या असतात. मी दोनदा लेखी कळवले. लिफ्टमनची पाळी वाढवण्याचा विषय बैठकीत ठेवू, असे उत्तर आले आहे. दरम्यान तिथल्या मावशींनी कोणाला न विचारता जिन्याच्या मधल्या वळणावर एक प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. गेल्या शुक्रवारी मी तिथवर पोहोचले तेव्हा तिच्यावर एक गृहस्थ बसले होते, आणि त्यांच्या पाठीमागे कठड्याला टेकून आणखी एक जण मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचे वाचत होते.