हापूसच्या निर्यातीचे दोन मार्ग: अमेरिका आणि युरोप

हापूसची परदेशातली वाट आयातशुल्कापेक्षा फळमाशीविषयीचे नियमच अधिक अडवतात. अमेरिकेने २००७ मध्ये दार उघडले ते विकिरणाच्या, म्हणजे कीड निष्प्रभ करण्यासाठी फळावर किरणांचा मारा करण्याच्या, अटीवर: किमान ४०० ग्रे (किरणमात्रेचे एकक) मात्रा, तीही अमेरिकी निरीक्षकाच्या देखरेखीखाली, आणि त्या निरीक्षकाचा खर्च मात्र भारतीय बाजूने सोसायचा. कोविडकाळात निरीक्षक येऊ शकले नाहीत, त्यामुळे महाराष्ट्रात विकिरण केंद्रे असूनही २०२० आणि २०२१ चे हंगाम हातचे गेले. ही देखरेख टप्प्याटप्प्याने भारताकडे सोपवण्याचे ठरले, ते त्यानंतरच.

युरोपीय संघाची पद्धत वेगळी आहे. तेथे ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटे बुडवलेले फळ चालते आणि भारतीय अधिकाऱ्याने दिलेले वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते. निर्यातदाराला हाच मार्ग स्वस्त आणि सुटसुटीत आहे, यात मला शंका वाटत नाही. मात्र येथे सारी भिस्त आपल्या तपासणीवर असते: खेपांमध्ये फळमाशी सापडत राहिल्याने मे २०१४ पासून लागू झालेली बंदी २०१५ मध्ये उठली, ती आपण बांधणीगृहांतील (निर्यातीचे फळ निवडून पेटीबंद करण्याच्या केंद्रांतील) तपासणी कडक केल्यावरच. म्हणून सरकारने अमेरिकेशीही परस्पर मान्यतेचाच, म्हणजे एकमेकांची तपासणी ग्राह्य धरण्याचाच, आग्रह धरावा, आणि त्याआधी कोकणातील बागांपर्यंत फळमाशीचे सापळे व प्रशिक्षित निरीक्षक पोहोचवावेत.