जुने गाणे, नवा बँड: परवानगीची कोणती वाट धरावी

चार-पाच जणांच्या बँडने एखादे गाजलेले गाणे नव्या वाद्यमेळात बसवून त्याचे ध्वनिमुद्रण विकायचे ठरवले, की पहिला प्रश्न येतो तो परवानगी कोणाची घ्यायची हा. गाण्यात शब्दांचा, चालीचा आणि मूळ ध्वनिमुद्रणाचा असे तीन वेगळे हक्क असतात. सगळे काही आपण नव्याने वाजवले आणि गायले, तर तिसऱ्या हक्काला धक्का लागत नाही. मात्र बाजारातला तयार ट्रॅक वापरला, तर तोही प्रश्न उभा राहतो. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. गीतकार गदिमांचे निधन 1977 मध्ये झाले आणि संगीतकार बाबूजींचे, म्हणजे सुधीर फडके यांचे, 2002 मध्ये. म्हणजे या जोडीच्या गाण्याचे शब्द 2037 च्या अखेरीस मोकळे होतील, पण चाल मोकळी व्हायला 2062 संपावे लागेल. हे हक्क पुष्कळदा करारान्वये संगीत कंपनीकडे गेलेले असतात, त्यामुळे गीतकाराच्या घरच्यांनी तोंडी दिलेला होकार पुरेसा धरू नये. कार्यक्रमाच्या आयोजकाने रंगमंचीय सादरीकरणासाठी काढलेला परवानाही ध्वनिमुद्रणाला चालत नाही.

कायद्याने आखून दिलेली वाट म्हणजे कॉपीराइट कायद्याचे 2012 च्या दुरुस्तीने आलेले कलम 31-सी. हिचे मोठे आकर्षण असे की अटी पाळल्या, तर मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागत नाही: किमान 15 दिवस आधी मालकाला आणि कॉपीराइट निबंधकांना नोटीस द्यायची, वेष्टनाचा नमुना पाठवायचा आणि ठरलेल्या दराने रॉयल्टी आगाऊ भरायची. परंतु गाणे प्रथम ध्वनिमुद्रित झाले ते वर्ष संपल्यावर पुढची पाच वर्षे उलटलेली असावी लागतात, म्हणजे 2022 चे गाणे 2027 संपेपर्यंत या वाटेने घेता येत नाही. चालीत किंवा शब्दांत आपल्या मनाने बदल करता येत नाहीत, त्यामुळे अंतऱ्यानंतर रॅप घालण्याचा बेत असेल, तर ही वाट तिथेच बंद होते. आवरणावर मूळ गायिकेचे नाव किंवा छायाचित्र आदरांजली म्हणूनसुद्धा छापता येत नाही. उलट ही कव्हर आवृत्ती कलम 31-सी नुसार केली आहे, असे नमूद करावे लागते.

खरी अडचण पैशांची आहे. प्रत्येक गाण्यामागे दर कॅलेंडर वर्षाला किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी भरणे बंधनकारक आहे. केवळ हिशेबासाठी प्रतीमागे 50 पैसे दर धरला, तरी एका गाण्याचे 25,000 रुपये आणि आठ गाण्यांचे दोन लाख होतात. आणि कार्यक्रमाच्या टेबलावर 200 रुपयांना एक अशा 300 सीडी खपल्या, तर हाती येतात 60,000. भाषेचा संभाव्य प्रसार पाहून हा किमान आकडा कमी करण्याची मुभा कायद्यात आहे, त्यामुळे मराठीपुरती ती वापरली गेली आहे का, हे आधी तपासून घ्यावे. शिवाय कलमाची भाषा प्रती, वेष्टने आणि लेबले यांची आहे, आणि आधीच्या ध्वनिमुद्रणाचे माध्यम बदलण्यावरही बंधन आहे. ज्यांना मुख्यतः ऑनलाइन विक्री करायची आहे, त्यांनी या कलमावर भिस्त ठेवू नये, असे माझे मत आहे.

त्या तुलनेत मालकाकडून थेट लेखी परवाना घेणे छोट्या बँडला अधिक सोयीचे ठरते. मालक नकार देऊ शकतो आणि उत्तर देण्याची कोणतीही मुदत त्याच्यावर नसते, ही या वाटेची उणी बाजू; पण 300 प्रतींचा सौदा 300 प्रतींपुरताच करता येतो, बदलांची मुभा मागता येते आणि व्हिडिओचा हक्कही त्याच पत्रात घेता येतो, जो 31-सी मध्ये मिळतच नाही. मालक कोण, याचा शोध आयपीआरएस या गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांच्या संस्थेपासून सुरू करावा.

यूट्यूबवर नुसते टाकून देणे ही परवानगी नव्हे. तिथली कंटेंट आयडी यंत्रणा गाणे ओळखते आणि मालक जाहिरातीचे उत्पन्न स्वतःकडे वळवतो किंवा व्हिडिओ बंद करतो. त्याने तो राहू दिला, तरी तेच गाणे विकण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

अमेरिकेतल्या मराठी बँडची गोष्ट निराळी आहे. तिथल्या कॉपीराइट कायद्यातील कलम 115 च्या सक्तीच्या परवान्याला किमान प्रतींची अट नाही आणि 2025 साठी सीडी किंवा डाउनलोडचा दर, पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला, प्रतीमागे 12.7 सेंट होता. 300 प्रतींचे जेमतेम 38 डॉलर. आपल्या कायद्याने छोट्यांचा एवढा तरी विचार करायला हवा होता.

पहिलाच अल्बम असेल, तर मी संतांच्या अभंगांकडे बोट दाखवीन. तुकोबांचे शब्द सर्वांना मोकळे आहेत. मात्र कानात बसलेली अभंगाची चाल बहुधा विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असते. ती घेतली, तर पुन्हा परवानगीची पायरी चढावीच लागते. त्यामुळे चाल स्वतःची बांधावी, नाहीतर दिंडीतली पारंपरिक घ्यावी.

थेट परवाना मागायचा असेल, तर पत्रात गाण्याचे नाव, मूळ ध्वनिमुद्रणाचे वर्ष, प्रतींची संख्या, विक्रीची ठिकाणे, मुदत आणि शब्दांत वा चालीत करायचे बदल स्पष्ट लिहावेत, आणि स्टुडिओची तारीख उत्तर हाती आल्यावरच ठरवावी.