इर्विन घ्यावं की बी-३?

दोन्ही वैमानिकांची जॅकेटं, मेंढीच्या कातड्याची, लोकर आतून. फरक अंगात घातल्यावर कळतो.

ब्रिटिश हवाई दलाचं इर्विन काढलं लेस्ली इर्विन या पॅराशूटवाल्या अमेरिकन माणसाने, इंग्लंडमध्ये. कमरेला पट्टा, आणि बाह्यांना मनगटापासून वर जाणारी चेन. ती उघडली की जाड हातमोज्यावरूनही बाही सरकते. आज हातमोजे कोण घालतंय म्हणा, पण चेन अर्धी उघडून लोकर दिसू द्यायची हौस असतेच. खिसा मात्र एकही नाही! किल्ल्या, फोन, तिकीट, सगळं पँटमध्ये कोंबायचं.

अमेरिकेचं बी-३ १९३४चं. कॉलरला दोन चामडी पट्टे, बाजूला एक खिसा, आणि ऐसपैस माप. आत स्वेटर सहज मावतो, पण बारीक माणूस त्यात हरवतो.

जुन्या नगाची शिवण उसवायची भीती असते, म्हणून रोज वापरायला नवी प्रतिकृतीच बरी. माझी पसंती इर्विनला, ते अंगासरशी बसतं. दोन्ही रुंद हँगरवर टांगायची, भिजली तर हीटरपासून लांब. आणि मॉलमध्ये शिरताना काढून हातावर घ्यायची, नाहीतर पाच मिनिटांत घामाच्या धारा.