बोर्शार्टचा टॉगल अंबडमध्ये करून घेतला

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या थ्रीडी प्रिंटिंगवाल्याकडून १८९३ च्या बोर्शार्ट पिस्तुलाचं कापीव (आतली यंत्रणा दिसेल असं) मॉडेल करून घेतलं. दुप्पट आकार, निळं-पांढरं प्लास्टिक, नळी आणि गोळ्या भरीव, त्यामुळे पाहणाऱ्याला हत्याराची शंका येत नाही. खर्च साडेचार हजार. डिप्लोमा मेकॅनिकलची मुलं संध्याकाळी माझ्याकडे यंत्ररचना शिकायला येतात, त्यांच्यासाठी हे हवं होतं.

बोर्शार्टच का, तर ह्यूगो बोर्शार्टचं हे पिस्तूल म्हणजे खऱ्या अर्थानं विक्रीला उतरलेलं पहिलं स्वयंभरणी, म्हणजे एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरणारं पिस्तूल. बर्लिनच्या लुडविग लोवे कारखान्यात ते तयार झालं. काळ्या दारूची काजळी असल्या बारीक यंत्रणेला फार वेळ चालू देत नसे. १८८० च्या दशकात धूरविरहित दारू आली आणि रस्ता मोकळा झाला. टॉगल, म्हणजे मधे पिननं जोडलेल्या दोन दुव्यांचा गुडघ्यासारखा सांधा, मॅक्सिमच्या मशिनगनमध्ये आधीच होता. बोर्शार्टनं तो पिस्तुलात बसवला आणि आठ गोळ्यांचं मॅगझिन मुठीच्या आत घातलं. माझ्या मते त्याची मोठी देणगी हीच. टॉगल नंतरच्या काळात मागे पडला, मुठीतलं मॅगझिन मात्र आजही तिथंच आहे.

आता मॉडेलबद्दल. टॉगलचं काम अप्रतिम झालंय. वेल्डिंग फिक्श्चरवरचा, म्हणजे जोडायचे भाग धरून ठेवणाऱ्या साच्यावरचा टॉगल क्लॅम्प ज्यानं हाताळलाय त्याला हे लगेच कळेल: दोन दुवे एका रेषेत आले की समोरून कितीही दाबा, हलत नाहीत, हेच पिस्तुलाचं कुलूप; मधली पिन रेषेतून वर सरकली की बोटानं मोडतात. गोळी सुटल्याच्या धक्क्याऐवजी नळी हातानं मागे ढकलली की नळी आणि बंद टॉगल थोडं अंतर एकत्र सरकतात, मग मागच्या कप्प्याच्या गोलाईवर रोलर टेकतो आणि टॉगल वर उचलला जातो. एका मुलानं विचारलं, "सर, म्हणजे कुलूप उघडायचं काम धक्काच करतो?" हा प्रश्न फळ्यावरच्या आकृतीतून कधीच आला नव्हता. पिना प्रिंटिंगवाल्यांनी प्लास्टिकच्या न देता ४ मिलिमीटरच्या स्टील डॉवेल दिल्या आणि भोकं रीम करून, म्हणजे नेमक्या मापाची गुळगुळीत करून घेतली. त्यामुळे सांध्यात खेळ नाही.

चुकलंय ते स्प्रिंगचं. मूळ पिस्तुलात मागच्या फुगीर कप्प्यात घड्याळासारखी गुंडाळलेली चपटी स्प्रिंग असते. इथं बाहेरून ताणाची साधी स्प्रिंग अडकवली होती आणि कप्पा रिकामा. मग तो कप्पा आहे कशासाठी, हे मुलांना सांगणार कसं? त्याच कप्प्यामुळे पिस्तूल हातात मागे जड पडतं. स्विस लष्करालाही ते अवजड वाटलं, आणि तिथूनच गेओर्ग लुगरनं स्प्रिंग मुठीत नेऊन सगळी रचना आटोपशीर केली. ते पिस्तूल स्वित्झर्लंडनं १९०० मध्ये, जर्मन नौदलानं १९०४ मध्ये आणि जर्मन लष्करानं १९०८ मध्ये घेतलं. हा धागा तुटू नये म्हणून मी कप्पा पुन्हा करायला सांगितला. त्यांनी तो जास्तीचे पैसे न घेता केला, पण चपटी स्प्रिंग काही मिळाली नाही. शेवटी जुन्या मेजर टेपची पट्टी कापून मी बसवली, छान चालते.

घरी येणारा प्रत्येक नाशिककर मॉडेल पाहून विचारतो, कान्हेऱ्यांचं पिस्तूल असंच होतं का? नाही. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी नाशिकचा कलेक्टर जॅक्सनवर रोखलं ते ब्राऊनिंग होतं. ब्राऊनिंगच्या १९०० च्या पिस्तुलात टॉगल नाही, कुलूपही नाही. काडतूस लहान, म्हणून सरकत्या भागाचं वजन आणि नळीच्या वर बसवलेली स्प्रिंग एवढ्यावर भागतं. इतकी साधी गोष्ट बोर्शार्टनंतर अवघ्या काही वर्षांत सुचावी, याचं मला फार कौतुक आहे.

काम याच लोकांकडे द्या असं मी सांगेन. पिनांची मापं मात्र लिहून द्या आणि स्प्रिंग आपली आपण घेऊन जा. ब्राऊनिंगचं ड्रॉइंग मी त्यांच्याकडे देऊन आलोय, सोबत स्प्रिंगही.