वेण्णा लेक: नाव, घोडा, स्ट्रॉबेरी आणि दिवसाचा हिशोब

वेण्णा लेकचं दुखणं एकच, तो ऐन रस्त्यावर आहे. पाचगणीकडून महाबळेश्वरात शिरणारी प्रत्येक गाडी बाजारपेठेच्या दोनेक किलोमीटर आधी तळ्याकाठूनच जाते. पार्किंग, घोडे, कणसांच्या गाड्या आणि नावांची रांग, सगळं त्याच चिंचोळ्या पट्टीत. पुण्या-मुंबईहून पहाटे निघालेले लोक अकराच्या सुमारास इथे पोचतात आणि जाताना चारनंतर पुन्हा थांबतात. म्हणजे तळं दिवसातून दोनदा तुंबतं. जोडून सुट्ट्या आल्या तर हे शेवटचे दोन किलोमीटर चालतच लवकर होतात.

त्यामुळे मुक्काम गावात असेल तर तळं सकाळी उरकावं. एसटी स्टँडपासून चालत अर्धा तास लागतो. जाताना उतार आहे, परतताना दम लागतो. नावा सुटायला लागल्या की पहिल्या तासात रांग नसते, वारा नसतो आणि पाणी आरशासारखं असतं. गावात शिरताना नाक्यावर घेतलेली कराची पावती मात्र खिशात ठेवा.

नावांचे दोन प्रकार: नावाड्यासह वल्हवायची आणि आपणच पाय मारायची पेडल बोट. दर फलकावर लिहिलेले असतात, तिकीट खिडकीवरच घ्यावं. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर वल्ह्याचीच नाव घ्या. पेडल बोट फोटोत छान दिसते, पण ती वाऱ्यावर लगेच भरकटते. मधला दांडा मागचं सुकाणू फिरवतो, आणि सुकाणू चालतं ते बोट पुढे सरकत असेल तरच. पाय थांबवून नुसता दांडा ओढत बसलात तर बोट जागच्या जागी तिरकी होते आणि मागची बोट येऊन आपटते. दुपारनंतर वारा सुटतो, म्हणून आधी वाऱ्याच्या तोंडावर जावं आणि येताना वारा पाठीशी ठेवावा. उलटं केलं की नेमकं शेवटच्या दहा मिनिटांत मांड्या भरून येतात आणि वेळ उलटून जाते. लाइफ जॅकेटचे पट्टे बसण्याआधी ओढून बघा. बक्कल तुटलेलं असेल तर दुसरं मागा, लाजू नका.

हे तळं नैसर्गिक नाही. साताऱ्याचे छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज यांनी ते १८४२ साली बांधवलं. आजही महाबळेश्वर-पाचगणीचं पिण्याचं पाणी यातूनच जातं, तेव्हा खाल्लेल्या कणसाचं बुरखुंड पाण्यात भिरकावणाऱ्याने संध्याकाळी हॉटेलातला नळ आठवावा. तळं भरलं की जादा पाणी वेण्णा नदीच्या पात्राने लिंगमळ्याला जातं आणि तिथे धबधबा होऊन कोसळतं. नोव्हेंबरपर्यंत तळ्यानंतर लगेच लिंगमळा करावा. मे महिन्यात तिथे नुसती धार असते, पायपीट वाया जाते. ऐन पावसाळ्यात मात्र तळ्याचा बेत धरूच नये. धुक्यात पलीकडचा काठ दिसत नाही आणि नावाही बंद असतात.

घोडेस्वारीत फसगत दरात नसते, 'फेरी' या शब्दात असते. एक फेरी म्हणजे कुठपासून कुठपर्यंत, हे आधी बोटाने दाखवून ठरवा. फोटोचे पैसे वेगळे का, तेही तेव्हाच विचारा. लहान मूल बसवलं तर लगाम धरणारा माणूस सोबत चालत हवा; घोडा पळवत नेणं चालू द्यायचं नाही.

खाण्यात गरम कॉर्न पॅटिस आणि भाजलेलं कणीस ठीक. लाल गाजरं मात्र घ्याच, मातीचा वास असलेली, बारीक आणि गोड. स्ट्रॉबेरी विथ क्रीमचा ग्लास समोर भरून घ्यावा, कारण आधी भरून ठेवलेल्या ग्लासात वर दोन फळं, खाली दोन, आणि मधे सगळं क्रीम असतं.

स्ट्रॉबेरी विकत घेताना वरची ओळ बघून भुलू नका. डबा उलटा धरून तळ बघा. रस सुटून पुठ्ठा ओला झालेला दिसला की खालची फळं गेली. देठाची टोपी हिरवी आणि ताठ हवी. खांद्याशी पांढरं असलेलं फळ घरी जाऊन पिकेल या आशेवर घेऊ नये, स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही, फक्त मऊ पडते. इथल्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण मानांकन मातीला असतं, गाडीवरच्या डब्याला नव्हे. तळ्यालगतच्या आणि लिंगमळ्याकडच्या वाफ्यांवरून सकाळी तोडलेला माल घेतलात तर चवीतला फरक लगेच कळतो. हंगाम साधारण डिसेंबर ते मार्च.

डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर उजाडताना तळ्यावर जाच. हा भाग खोलगट आहे. जड, गार हवा रात्री वरून घरंगळत येऊन इथे साचते, म्हणून गावापेक्षा इथे थंडी जास्त असते. धक्क्याच्या फळ्यांवर, गाड्यांच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर दवाचे हिमकण होतात. बोटाने खरवडले तर नखात पांढरी भुकटी येते. उन्हं आली की अर्ध्या तासात सगळं पाणी. कानटोपी आणि हातमोजे हवेतच, नुसत्या जॅकेटवर तिथे उभं राहवत नाही.

दुपार क्षेत्र महाबळेश्वर (देवळांचं जुनं गाव) आणि ऑर्थर सीटच्या कड्याला द्या, सूर्यास्ताला बॉम्बे पॉइंट. तो सुटला तरी फार बिघडत नाही, गर्दीत सूर्यापेक्षा मोबाईलच जास्त दिसतात. चणे, मध आणि चपला बाजारपेठेत, डॉ. साबणे रोडवर, शेवटी घ्याव्यात. स्ट्रॉबेरी घ्यायची तर निघायच्या वेळी, न धुता. डबे डिकीत रचू नका, पसरणी घाटाच्या वळणांवर खालचा थर चेंगरतो. मागच्या सीटखाली, सपाट, एकावर एक दोनच.