फुल रेंज दाखवून फसवलं: एकाच आवारातल्या भाड्याच्या घरांना वायफाय करून घेणार असाल तर आधी हे वाचा

ज्यांच्या एकाच जागेत स्वतःचं घर आणि मागेपुढे भाड्याने दिलेली घरं आहेत आणि सगळ्यांना मिळून एका कनेक्शनवर वायफाय द्यायचंय, त्यांनी कुणालाही ॲडव्हान्स द्यायच्या आधी हे वाचावं. लांब झालंय, पण यातली प्रत्येक गोष्ट आमच्याकडे घडलीये, आमचे पैसे गेलेत आणि भाडेकरूंना जो मनस्ताप झाला तो वेगळाच.

आमच्या मागे ओळीने चार घरं आहेत, पहिलं आमच्या भिंतीपासून जवळ आणि शेवटचं बरंच लांब, मधे झाडं आणि पाण्याची टाकी. नेट फायबरचं, हॉलमध्ये कधी तक्रार नाही, तेव्हा ठरवलं की भाड्यातच नेट धरून सगळ्यांना देऊ. (कनेक्शन वाटायच्या आधी कंपनीची परवानगी बघून घ्या, घरगुती प्लॅनमध्ये बऱ्याचदा मनाई असते आणि कुणी नेटवरून काही गडबड केली तर ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्यालाच आधी विचारणा होते. आम्ही विचारून घेतलं होतं.)

काम करणारा ओळखीतूनच आला. बोलायला गोड, प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार. म्हणाला, ताई, प्रत्येक घराला स्वतंत्र कॅट-६ केबल (नेटच्या तारेचा एक प्रकार), शुद्ध तांब्याची, प्रत्येक घरात गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा, वायफायचा डबा, शेवटच्या घरातसुद्धा तुमच्या हॉलइतकाच स्पीड. हे सगळं तोंडी. कागदावर त्याने लिहिलं काय तर "वायफाय कव्हरेज काम, साहित्यासह, पूर्ण" आणि खाली एकच आकडा. केबल किती मीटर, कुठल्या प्रकारची, डबे कुठल्या मॉडेलचे, एक अक्षर नाही. ही एक ओळ त्याने मुद्दाम तशी लिहिली होती, ते पुढे भांडायची वेळ आली तेव्हा कळलं, कारण त्या ओळीतलं काहीच खोटं ठरवता येत नाही.

काम झाल्यावर त्याने आम्हाला शेवटच्या घरात नेलं आणि स्वतःच्या मोबाईलवर स्पीड टेस्ट लावून दाखवली, आकडा झकास, आमच्या मोबाईलमध्ये पण रेंज फुल, सगळ्या काड्या भरलेल्या. उरलेले पैसे दिले. त्या घरात राहणारी मुलगी घरून ऑफिसचं काम करते, तिने ऑफिसला पाठवायला म्हणून त्याच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवला होता आणि नशीब की काढला होता, कारण नंतर तो फोटो मोठा करून बघितला तर वरच्या पट्टीत वायफायची खूणच नाही, मोबाईल डेटाची खूण आहे! म्हणजे त्याने आपल्या मोबाईलचं वायफाय बंद करून स्वतःच्या सिमचा स्पीड आम्हाला दाखवला आणि त्यावर पैसे घेऊन गेला. ज्याने हे केलं त्याला आपलं काम काय लायकीचं आहे ते पक्कं माहीत होतं, यापुढे मला कुणी सांगू नये की त्याला जमलं नसेल बिचाऱ्याला.

त्याच संध्याकाळी सगळे घरी आले आणि तक्रारी सुरू. रेंज फुल पण व्हिडिओ गोल गोल फिरतोय, मीटिंगमध्ये आवाज तुटतोय. फोन केला की त्याचं एकच, ताई, काड्या फुल आहेत ना, मग माझं काम झालं, कंपनीकडूनच स्पीड कमी येतोय, त्यांना फोन करा. कंपनीचा माणूस येऊन बघून गेला, त्यांच्या लाईनला काही झालेलं नव्हतं.

आता ही फुल रेंजची भानगड नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक त्यावरच उभी आहे. मोबाईलवर ज्या काड्या दिसतात त्या फक्त तुमचा मोबाईल आणि जवळचा डबा यांच्यातल्या असतात. तो डबा पुढे मुख्य राउटरशी कसा बोलतोय ते त्यात दिसतच नाही. घरात रिपीटर (राउटरचा सिग्नल हवेतून उचलून पुढे देणारा डबा) लावला की काड्या भरणारच, तो समोर चार हातांवर आहे, पण त्या रिपीटरलाच राउटरचा सिग्नल जेमतेम मिळत असेल तर तो तुम्हाला देणार काय? शिवाय स्वस्त रिपीटर एकाच चॅनलवर (वायफायची एक ठरावीक पट्टी) आधी ऐकतो आणि मग तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे स्पीड साधारण अर्धा होतो. आमच्याकडे तर त्याने साखळी लावलेली. लांबच्या दोन घरांना केबल गेलीच नव्हती, दुसऱ्या घरातून उचलून तिसऱ्याला आणि तिसऱ्यातून उचलून चौथ्याला, म्हणजे अर्ध्याचं अर्धं, आणि त्यात मधल्या भिंती आणि झाडं. याला तो मेश म्हणत होता, म्हणजे अनेक डबे मिळून एकच वायफाय. मेश वायरलेसवर पण चालतं, चांगलं चालतं, पण त्यासाठी डबे तसे लागतात आणि एकमेकांना नीट दिसतील असे ठेवावे लागतात. जमलं तर त्यांना मागून केबल देणं सगळ्यात उत्तम.

पहिल्या दोन घरांना तरी केबल होती, तिथे स्पीड बरा हवा होता, पण तिथेही एका ठरावीक आकड्याच्या वर काही जाईना. पहिल्या घरातल्या कॉलेजच्या मुलाने लॅपटॉपला थेट केबल लावली आणि नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघितला तर १०० एमबीपीएस. गिगाबिट असेल तर तिथे १००० दिसायला पाहिजे. मग आम्ही दुसरा माणूस बोलावला, हा कमी बोलणारा, त्याने आल्या आल्या जिन्याखालचा जोडणीचा डबा उघडला आणि मला म्हणाला, जरा इकडे येऊन बघा. केबलमध्ये आठ तारा असतात, दोन दोनच्या चार जोड्या, नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. तर एकच केबल आमच्या घरातून आलेली, तिच्यातल्या नारिंगी आणि हिरव्या चार तारा एका घराच्या पिनेत घातलेल्या आणि निळ्या, तपकिरी चार तारा सोलून, लांब उसवून, चिकटपट्टी गुंडाळून दुसऱ्या घराकडे वळवलेल्या. एका केबलच्या दोन केबली केल्या होत्या आणि पैसे दोन्हीचे घेतले होते. १०० च्या स्पीडला दोनच जोड्या लागतात म्हणून हे चालतं आणि दिवाही लागतो, गिगाबिटला चारही जोड्या लागतात म्हणून तो कधीच मिळणार नव्हता. तारांचा पीळ उसवला की वरून चुका पण वाढतात. मी ते बघून खरंच काही बोलू शकले नाही, कारण त्या पहिल्या माणसाला आम्ही दोनदा चहा... असो, माणुसकीने वागवलं होतं एवढंच म्हणते.

मग दुसऱ्या माणसाने त्यातली एक तार ब्लेडने खरवडली. वरून तांबूस आणि आतून पांढरी! ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा, या धंद्यात तिला सीसीए म्हणतात. कॅट-६ च्या मानकात तार तांब्याचीच पाहिजे, ही त्यात बसतच नाही. हिचा विजेला होणारा रोध जास्त, त्यामुळे केबलमधूनच डब्याला वीज द्यायची असेल तर लांब अंतरावर व्होल्टेज पडतं आणि डबा मधेच बंद चालू होतो, शिवाय दोनचार वेळा वाकवली की तुटते. ओळखायचं कसं तर बॉक्स उचलून बघा, तांब्याचा बॉक्स चांगला जड लागतो, आणि केबलच्या कव्हरवर काय छापलंय ते वाचा, पण छापलेल्यावर पूर्ण विश्वास नको, टोक खरवडून बघणं हेच खरं. आणि ही केबल होती घरातल्या वापराची, ती त्याने उघड्यावर, उन्हात, दोन घरांच्या मधून नेलेली. बाहेरच्या केबलचं कव्हर वेगळं असतं, उन्हात टिकणारं, आमच्या केबलचं कव्हर हाताने दाबलं तर तडकत होतं आणि एका जोडात पाणी साचलेलं.

डब्यांचं थोडक्यात सांगते. बॉक्सवर मोठ्ठा १२०० चा आकडा. तो दोन बँडची (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या रेडिओ पट्ट्यांची) बेरीज असतो, ३०० आणि ८६७ मिळून जवळपास तेवढा, एका मोबाईलला तेवढा स्पीड कधीच मिळत नाही, आणि त्या डब्याचं मागचं पोर्टच १०० चं होतं. चार अँटेना होत्या, एक डबा उघडला तर दोनच अँटेनांना आतून वायर जोडलेली, बाकी दोन नुसतं प्लास्टिक. "एक किलोमीटर रेंज" असं कुणी बाहेरच्या अँटेनाबद्दल सांगत असेल तरी लक्षात ठेवा की मोबाईललाही तितक्या लांबून उलट बोलावं लागतं आणि त्याची ताकद तेवढी नसते, तेव्हा डबा ओरडला तरी मोबाईलचं त्याला ऐकू येत नाही.

पण पैशापेक्षा मला जास्त राग ज्याचा आला ते पुढे आहे. चारही घरं आणि आमचं घर, सगळं एकाच नेटवर्कवर, एकाच पासवर्डवर ठेवलेलं. एका घरातल्या मुलाच्या मोबाईलवरचा व्हिडिओ शेजारच्यांच्या टीव्हीवर सुरू झाला तेव्हा हे कळलं. म्हणजे कुणाचा टीव्ही, कुणाचा प्रिंटर, कुणाचा कॅमेरा सगळं सगळ्यांना दिसतंय. ही माणसं आमच्या भरवशावर राहतात, त्यांच्या घरातलं खाजगी बाहेर दिसायला नको ही जबाबदारी आमची. प्रत्येक घराचं नेटवर्क वेगळं करता येतं, व्हीलॅन म्हणतात त्याला, त्यासाठी तशी सोय असलेला राउटर आणि स्विच (एका केबलवरून अनेक केबली काढायचा डबा) लागतो, आणि एवढंही नसेल तर निदान गेस्ट नेटवर्क आणि आयसोलेशन (एकाचं उपकरण दुसऱ्याला दिसू न देणं) चालू करता येतं. पहिल्या माणसाने यातलं काहीच केलं नव्हतं. पासवर्ड बदलायला गेलो तर सगळे डबे त्याच्या स्वतःच्या अकाउंटला जोडलेले, आमच्याकडे लॉगिनच नाही. कुठल्या घरात किती मोबाईल जोडलेत, कधी जोडले, हे तो बाहेर बसून बघू शकत होता. मागितलं तर म्हणाला वर्षाचं मेंटेनन्स भरा, मग बघू. आमच्या पैशाचे डबे, आमच्या भिंतीवर लावलेले, आणि किल्ली त्याच्याकडे.

दुसऱ्या माणसाने मग जे केलं ते असं. घराघरांमधली जुनी केबल काढून पाइपमधून फायबर टाकली. तांब्याच्या केबलला १०० मीटरची मर्यादा आहे, फायबरला आपल्या आवारात तरी काही अडचण नाही, आणि धातूचं आवरण नसलेल्या फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे वीज पडली किंवा दोन घरांच्या अर्थिंगमधे फरक असला तरी एका घरातला झटका दुसऱ्या घरातल्या डब्यापर्यंत जात नाही. एका घरापर्यंत खणताच येत नव्हतं, तिथे छतावर समोरासमोर दोन वायरलेस ब्रिज (केबलऐवजी हवेतून दोन टोकं जोडणारे डबे) लावले, त्यांना एकमेकांना सरळ दिसावं लागतं, मधे फांदी आली की संपलं. प्रत्येक घरात एक साधा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा), ताकद मुद्दाम कमी ठेवलेला, आणि २.४ च्या बँडवर शेजारशेजारच्या घरांना १, ६, ११ असे वेगवेगळे चॅनल. आधीच्याने सगळे एकाच चॅनलवर ठेवले होते, सगळे एकमेकांवर ओरडत होते.

आणि याने पैसे घ्यायच्या आधी स्वतःहून मोजून दाखवलं, तेही संध्याकाळी सगळे घरी असताना. मोबाईल त्याचा नाही, भाडेकरूंचा, सिमचा डेटा बंद करून. प्रत्येक खोलीत सिग्नल डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) बघितला, उणे ६५ च्या आसपास असला की उत्तम, उणे ७५ च्या खाली गेला की त्रास सुरू. मग राउटरला पिंग, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघणं, नेटला नाही तर आपल्याच राउटरला. आधी शेवटच्या घरातून हे शेकड्यांनी मिलिसेकंद यायचं आणि मधेच उत्तरच नाही, आता एक आकडी येतं. हा आकडा खराब असेल तर दोष आपल्या आवारातच असतो, त्यामुळे कंपनीवर ढकलायला जागाच उरत नाही. मग आयपर्फ नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर दोन लॅपटॉपवर टाकून घराघरातला स्पीड काढला, त्यातही नेट कंपनीचा संबंध येत नाही. सगळे आकडे घरागणिक लिहून सही करून दिले.

पहिल्याला फोटो पाठवले, उसवलेल्या तारांचा, खरवडलेल्या तारेचा, वायर नसलेल्या अँटेनाचा आणि त्याच्याच मोबाईलच्या स्क्रीनचा. बरेच दिवस फोन उचलला नाही, मग दुसऱ्या माणसाचा लेखी रिपोर्ट पाठवल्यावर केबलचे पैसे परत केले, डब्यांचे आणि मजुरीचे नाही. दोन डबे रिसेट करून सुद्धा अजून त्याच्याच अकाउंटला अडकलेत, उत्पादक कंपनी म्हणते मालकी बदलून देऊ पण सिरीयल नंबर लिहिलेलं खरेदीचं बिल दाखवा, आणि ते बिल त्याच्या नावावर आहे. आता ते त्याच्याकडून लेखी मागितलंय. तुमचं काम चालू असेल तर डबे भिंतीवर चढायच्या आधीच बिल आपल्या नावावर, प्रत्येक डब्याच्या सिरीयल नंबरासकट घ्या आणि अकाउंट आपल्या ईमेलवर आपल्या हाताने उघडा.